शून्य टक्क्यांचा दाखला: धुळ्यातील एका प्रबंध-सेवेचा अनुभव

प्रबंधाचे टंकलेखन, बांधणी आणि 'प्लेजरिझम चेक' (म्हणजे मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो याची संगणकावरची तपासणी) अशी तिन्ही कामे एकाच ठिकाणी करून देणाऱ्या धुळ्यातील एका दुकानात गेल्या वर्षभरात मला चार वेळा जावे लागले. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण अशी दुकाने आता बहुतेक प्रत्येक विद्यापीठाच्या आसपास आहेत आणि माझी तक्रार एका पाटीपुरती नाही.

आधी चांगले ते सांगतो. बांधणी उत्तम आहे. काळे रेक्झिन, पक्की शिवण, कण्यावरील सोनेरी अक्षरे सरळ ओळीत. पाच प्रती ठरल्या दिवशी हातात मिळाल्या. टंकलेखनही बरे आहे, फक्त रफार आणि जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घालावी लागतात.

'चेक'ची गोष्ट मात्र वेगळी. माझा विषय पांझरा नदीवरील फड पद्धतीचा, म्हणजे बंधाऱ्यावरून काढलेल्या पाटाचे पाणी सामुदायिक शिस्तीने शेतांना वाटून देण्याच्या जुन्या व्यवस्थेचा आहे. पहिला मसुदा दिला तेव्हा दुकानदाराने अर्ध्या तासात 'साम्य 0 टक्के' असा रंगीत छापील दाखला हाती ठेवला आणि वर अभिनंदनही केले. मला शंका आली ती संदर्भसूचीमुळे, कारण निदान ग्रंथांची नावे तरी कुठेतरी जुळायलाच हवी होती. खरा प्रकार असा होता की मसुदा युनिकोडपूर्व, म्हणजे देवनागरी अक्षरांना संगणकात स्वतःचे सर्वमान्य संकेत मिळण्याआधीच्या, जुन्या फॉन्टमध्ये होता. पडद्यावर आपल्याला 'पांझरा' दिसते, पण तपासणाऱ्या प्रणालीच्या लेखी ती रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची निरर्थक ओळ असते. जे वाचताच आले नाही ते जुळणार कशाशी? दाखला मात्र खणखणीत.

युनिकोडमध्ये रूपांतर केल्यावर साम्य 31 टक्के निघाले आणि दुकानदाराने लगेच दुसरी सेवा पुढे केली: पानाला चाळीस रुपये, 'टक्के खाली आणून देतो'. नमुना म्हणून दोन पाने करून घेतली. ती मी अजून जपून ठेवली आहेत. 'फड पद्धती'ची 'आखाडा प्रणाली' झाली होती आणि 'पाटाचे पाणी' हे 'चौरंगाचे जल' झाले होते. प्रतिशब्द भरणाऱ्या यंत्राला साक्री तालुक्यातला पाट आणि जेवणाचा पाट यांतला फरक कळत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण ती पाने कोणी वाचलीच नव्हती, हे समजण्यासारखे नाही. शिवाय दुसऱ्याचा विचार शब्द बदलून, नाव न घेता वापरणे हे वाङ्मयचौर्यच आहे. या सेवेने फक्त त्याच्या खुणा पुसल्या जातात.

शेवटी मार्गदर्शक सरांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयामार्फत रीतसर तपासणी करून घेतली. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची 'शोधशुद्धी' ही साम्य-तपासणीची सेवा 2019 पासून विद्यापीठांना उपलब्ध आहे आणि संशोधकाला त्यासाठी दुकानात पैसे मोजण्याचे कारण नाही. सरांनी अहवाल ओळीओळीने वाचला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश हे साम्यात धरायचे नसतात. सलग चौदा शब्दांपर्यंतचे सर्वसामान्य किंवा योगायोगाचे साम्यही वगळले जाते. एवढे वगळल्यावर 31 चे 7 झाले. दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही, दहा ते चाळीसपर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, चाळीस ते साठपर्यंत वर्षभर तो सादर करता येत नाही आणि साठच्या वर नोंदणीच रद्द होते. दुकानदाराला यांतला केवळ 'दहा' हा आकडा ठाऊक होता.

उरलेल्या सातांत मला खजील करणारा एक परिच्छेद निघाला. 1880 च्या खानदेश गॅझेटियरमधील, म्हणजे ब्रिटिशकालीन इंग्रजी जिल्हा-माहितीग्रंथातील, मजकूर मी 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातील एका जुन्या प्रबंधातल्या मराठी अनुवादावरून उतरवला होता आणि टीप मात्र थेट गॅझेटियरची दिली होती. गॅझेटियरवरचा कॉपीराइट केव्हाच संपला आहे, पण त्यामुळे श्रेय देण्याची जबाबदारी संपत नाही, आणि अनुवाद तर त्या संशोधकाची स्वतःची मेहनत होती. गंमत अशी की मी इंग्रजीवरून स्वतः अनुवाद करून टीप गाळली असती, तर ते बहुधा कोणत्याच यंत्राच्या लक्षात आले नसते. मूळ खंड धुळ्यातच पाहून तो परिच्छेद मी नव्याने लिहिला.

दुकानाविषयीची सर्वांत गंभीर तक्रार मात्र याहून निराळी आहे. बांधणीचा नमुना दाखवताना तिथल्या मुलाने संगणकावर एका संशोधकाचा अजून सादरही न झालेला प्रबंध सहज उघडला, पाने सरकवली आणि 'असाच करून देऊ' म्हणाला. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखनावरचा हक्क ते लिहिले जाताच निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही आणि लेखकाच्या हयातीनंतरही तो साठ वर्षे टिकतो. त्या फोल्डरमध्ये किमान वीस नावे होती. त्यांत माझेही होते. शिवाय अशा ठिकाणी कोणाच्या तरी खात्यावरून तपासलेला मसुदा त्या प्रणालीच्या साठ्यात राहून गेला, तर पुढे अधिकृत तपासणीत आपलाच प्रबंध आपल्याशीच जुळतो आणि खुलासे करत बसावे लागते.

गुण द्यायचे तर बांधणीला पाचपैकी साडेचार, टंकलेखनाला तीन, तपासणीला शून्य, त्यांच्याच दाखल्यासारखे. बांधणीसाठी मी पुन्हा तिथेच गेलो, मात्र पीडीएफ पेनड्राइव्हवर नेली, छपाई होईपर्यंत यंत्राशेजारी उभा राहिलो आणि निघण्यापूर्वी संगणकातली प्रत पुसून रीसायकल बिनही रिकामी करून घेतली. "सर, आम्ही काय चोर आहोत का?" असे म्हणून तो मुलगा हसला, पण बिन रिकामी केली.