जहाजावरचं कार्ड: सोय झकास, पण त्याच्यामागे काय जोडताय?

माझी सगळी नोकरी बँकेच्या काउंटरवर झाली, त्यामुळे सुट्टीतसुद्धा माझं लक्ष आधी पैशांकडे जातं. घरचे हसतात आणि शेवटी बिल तपासायला माझ्याच हातात देतात. क्रूझवरचं जेवण, केबिन, शो यांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. मी फक्त जहाजावरच्या पैशांच्या व्यवस्थेबद्दल लिहिते. पाचपैकी साडेतीन तारे. दीड कुठे कापला ते पुढे येईलच.

चढताना प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. केबिनची किल्ली तेच, ओळखपत्र तेच आणि पाकीटही तेच. रॉयल कॅरिबियनवर त्याला सीपास म्हणतात, कार्निव्हलवर सेल अँड साइन. प्रिन्सेसवर कार्डाऐवजी मेडॅलियन नावाची चकती असते, मनगटावर किंवा गळ्यात घालायची. बार, दुकान, स्पा, सहली, सगळं याच कार्डावर लिहिलं जातं. रोख पैसे बारमध्ये कुणी घेत नाही. पोहायला जाताना पाकीट कुठे ठेवायचं ही कटकट संपते, आणि ही सोय खरोखर मोठी आहे. मुलांच्या कार्डावरचा खर्च बंद करता येतो किंवा त्याला मर्यादा घालता येते. ते पहिल्याच दिवशी काउंटरवर सांगून टाका, कारण व्हिडिओ गेमच्या खोलीतली मशिनंही याच कार्डावर चालतात.

खरा प्रश्न असा की या कार्डाच्या मागे तुम्ही काय जोडता. क्रेडिट कार्ड, डेबिट कार्ड, प्रीपेड फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून ठेवलेलं) की रोख डिपॉझिट?

माझं मत विचाराल तर क्रेडिट कार्ड, दुसरं काही नाही. जहाज तुमच्या कार्डावर खर्चाच्या अंदाजाने रक्कम आधी अडवून ठेवतं, बहुतेक ठिकाणी रोजच्या रोज. यालाच होल्ड म्हणतात. क्रेडिट कार्डावर यामुळे फक्त लिमिट कमी दिसतं. डेबिट कार्डावर मात्र तुमच्या खात्यातला खराखुरा पैसा अडकतो. वर शेवटचं बिल वेगळं वळतं होतं आणि आधीचा होल्ड सुटायला आणखी काही दिवस लागतात. म्हणजे मधले काही दिवस एकाच खर्चाचे पैसे दोनदा अडकलेले. जेवणाच्या टेबलावर आमच्या शेजारी बसणारं एक जोडपं बंदरावर एटीएमसमोर उभं होतं आणि मशिन पुन्हा पुन्हा ‘शिल्लक अपुरी’ सांगत होतं. खात्यात पैसे भरपूर होते, पण जहाजाने अडवलेले. त्या बाईंना मी तिथेच फुटपाथवर होल्ड म्हणजे काय ते समजावलं. त्यांच्या बँकेने कधी सांगितलं नव्हतं. जहाजाच्या अर्जात मात्र लिहिलेलं होतं, मुंगीएवढ्या अक्षरांत. अर्धा तारा इथे गेला.

फॉरेक्स कार्डाचीही हीच गत, भरलेली रक्कम अडकते. शिवाय आपली कंपनी प्रीपेड कार्ड खात्याला जोडू देते का, हे निघण्याआधी विचारून घ्या. बंदरावरच्या खर्चाला मात्र ते उत्तम.

रोख डिपॉझिटचा मार्ग माझ्या सासूबाईंनी धरला. पहिल्या दिवशी ठरावीक रक्कम भरली आणि ती संपली की बस. खर्चाला लगाम घालायला हे छान. पण डिपॉझिट संपलं की कार्ड चालत नाही, पुन्हा रांगेत उभं राहून भरायचं, आणि उरलेले परत घ्यायला शेवटच्या रात्री आणखी एक रांग. सासूबाईंना रांगेत ओळखी करायला आवडतं, म्हणून त्यांना चाललं.

आता बारच्या पावतीकडे या. काळ्या पाकिटात पावती आणि पेन येतं. पेयाची किंमत, त्याखाली सेवाशुल्क आधीच जोडलेलं, सहसा १८ ते २० टक्के. त्याच्याही खाली एक रिकामी ओळ: जादा टिप. मग एकूण रक्कम आणि सही. मंद उजेडात डोळा थेट रिकाम्या ओळीवर जातो आणि माणूस सवयीने तिथे आकडा लिहितो. टिपवर टिप. स्वतःहून द्यायची असेल तर जरूर द्या, कर्मचारी फार राबतात. पण आधी वरची ओळ वाचा. केबिन आणि जेवणघरातल्या लोकांसाठीची टिप बऱ्याच कंपन्या माणशी दर दिवसाला खात्यावर वेगळीच टाकतात. चौघांच्या कुटुंबाने ती बजेटमध्ये धरली नसेल तर शेवटचा आकडा डोळ्यांत भरतो. बारच्या पावतीच्या त्या छपाईसाठी आणखी अर्धा तारा कापला.

उरलेला अर्धा चलन बदलण्यासाठी. अ‍ॅपवर कार्ड जोडताना किंवा बिल चुकवताना ‘तुमच्या कार्डाच्या चलनात आकारू का?’ असं विचारतात, आणि कधी कधी होकाराची खूण आधीच केलेली असते. ती काढा. जहाजाचं चलन डॉलर असेल तर डॉलर, युरो असेल तर युरो. आपल्या चलनातला आकडा ओळखीचा वाटतो, पण त्या दरात त्यांचा नफा मिसळलेला असतो. बंदरावरच्या दुकानातलं मशिनही हेच विचारेल, उत्तर तेच द्या. तुमची बँक परदेशी व्यवहारावर किती टक्के घेते तेही आधी बघून ठेवा, नाहीतर एका दारातून वाचवलेलं दुसऱ्या दारातून जातं.

कार्ड जोडण्याचं काम घरीच उरका. समुद्रात ओटीपीचा एसएमएस येईलच याचा भरवसा नाही, आणि जहाजावरचं मोबाइल नेटवर्क नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये बहुधा बसत नाही. फोन एअरप्लेन मोडवर आणि गरजेपुरतं वायफाय.

जहाजावरच्या एटीएमचं शुल्क चांगलंच लागतं. कॅसिनोत खात्यावरून पैसे उचलले तर काही कंपन्या त्यावरही टक्केवारी लावतात. दोन्हींपासून लांब राहा, एवढंच म्हणते.

रोख लागते ती बंदरावर, आणि तिथे हुशारी सुट्ट्या पैशांत आहे. टॅक्सी, बाजार, हमाल यांच्यासाठी छोट्या नोटा, न फाटलेल्या आणि न लिहिलेल्या. कॅरिबियनमध्ये डॉलर जवळपास सगळीकडे चालतो, पण कोणता डॉलर ते विचारा. बहामाजमध्ये भानगड नाही, एकाला एक. सेंट लुशिया किंवा अँटिग्वाला पूर्व कॅरिबियन डॉलर आहे, एका अमेरिकी डॉलरला २.७०, आणि हा दर १९७६ पासून तसाच आहे. टॅक्सीवाल्याने आकडा सांगितला की बसण्याआधी ‘कुठला डॉलर?’ एवढं विचारायचं. केमनमध्ये उलटं, तिथला डॉलर अमेरिकी डॉलरपेक्षा वजनदार. दुकानं अमेरिकी डॉलर ८० केमन सेंटला धरतात, म्हणजे १०० केमन डॉलरची पट्टी लावलेली वस्तू १२५ अमेरिकी डॉलरला पडते, आणि सुट्टे परत मिळतात ते स्थानिक नाण्यांत. भूमध्य समुद्रात काम सोपं: क्रोएशियात २०२३ पासून युरो आहे, आणि माँटेनेग्रो युरोपीय संघात नसूनही तिथे युरोच चालतो. नॉर्वेत कार्ड पुरतं.

केबिनच्या तिजोरीत दुसरं कार्ड ठेवा, वेगळ्या बँकेचं आणि जमल्यास वेगळ्या नेटवर्कचं (एक व्हिसा, तर दुसरं मास्टरकार्ड). बंदरावर दोन्ही एकत्र नेऊ नका.

तिकिटाबरोबर जहाजावर खर्चायचं क्रेडिट मिळालं असेल तर ते परत मिळण्याजोगं आहे की नाही ते पाहा. नसेल तर उतरण्याआधी संपवा. आम्ही आमचं सहलीवर खपवलं.

बिल रोज रात्री अ‍ॅपवर किंवा केबिनच्या टीव्हीवर बघा. आमच्या खात्यावर पाण्याची एकच बाटली दोनदा लागली होती. दुपारी काउंटरवर गेले, मुलीने स्क्रीन बघितला आणि लगेच ओळ काढली. साडेतीन तारे टिकले ते तिच्यासारख्या माणसांमुळे. हेच काम उतरण्याच्या सकाळी केलं असतं तर रांग पार जिन्यापर्यंत होती. अंतिम बिलाची प्रत मेलवर मागवून घ्या आणि कार्डाचं पुढचं स्टेटमेंट येऊन सगळे होल्ड सुटेपर्यंत ती पुसू नका.