सत्तांतराआधी कुठला पासपोर्ट धरावा? १९९६चं हाँगकाँग आणि तिथला भारतीय

समजा, १९९६चा मार्च आहे. तुम्ही हाँगकाँगमध्ये धंद्यात मुरलेले, हातात भारतीय पासपोर्ट. पुढच्या वर्षी १ जुलैला ब्रिटिश जाणार, चीन येणार. 'ब्रिटिश अवलंबित प्रदेशाचं नागरिकत्व', म्हणजे वसाहतीपुरता अर्धवट ब्रिटिश दर्जा, अर्ज करून मिळवायचं, तर ३१ मार्च ही शेवटची तारीख. अर्ज भरायचा का?

भारतीय पासपोर्ट तसाच ठेवला, तर हाँगकाँगपुरतं गमावण्यासारखं काही नाही. सत्तांतरानंतर लागू होणाऱ्या मूलभूत कायद्याच्या २४व्या कलमात बिगरचिनी माणसाचीही सोय आहे. वैध कागदांवर आलात, सलग ७ वर्षं राहिलात आणि हेच कायमचं घर मानलंत, की कायम रहिवासी. दुकान, घर, मुलांची शाळा जिथल्या तिथे. त्रास व्हिसाचा, कुठेही निघालं की वकिलातीचे खेटे.

अर्ज करायचा, तर आधी हे समजून घ्या की या नागरिकत्वाचं आयुष्य जेमतेम १५ महिने आहे. तरीही शेवटच्या एका दिवसात ५० हजारांहून जास्त अर्ज पडले. वान चायमधल्या इमिग्रेशन कचेरीबाहेर लोकांच्या रांगाच रांगा. सगळी धडपड पुढच्या पायरीसाठी होती: त्या नागरिकत्वावर बीएनओ, म्हणजे 'ब्रिटिश नॅशनल ओव्हरसीज' म्हणून नोंदणी करता येत होती.

हा बीएनओ पासपोर्ट दिसायला भारदस्त. मरून कव्हर, सिंह आणि एकशिंगी घोड्याची राजमुद्रा, ठसठशीत 'ब्रिटिश पासपोर्ट'. पण अस्सल ब्रिटिश पासपोर्टावर असलेली युरोपीय समुदायाची ओळ इथे नाही आणि आतला शेरा सांगतो, धारकाला हाँगकाँगमध्ये राहण्याचा हक्क आहे. ब्रिटनमध्ये राहण्याबद्दल अवाक्षर नाही. तो पोरांना वारशाने देताही येत नाही. शिवाय भारताच्या १९५५च्या नागरिकत्व कायद्याचं ९वं कलम आहेच: परकं नागरिकत्व स्वखुशीने घेतलं, की भारतीय नागरिकत्व संपलं. परकं नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना आज मिळतं ते ओसीआय कार्डही तेव्हा नव्हतं.

एसएआर पासपोर्ट, म्हणजे हाँगकाँगच्या नव्या सरकारचा, चिनी नागरिकांनाच. भारतीयाने त्यासाठी चिनी नागरिकत्व मागायचं आणि आधीचं सोडायचं. पूर्ण ब्रिटिश नागरिकत्वाची १९९०ची योजना होती, पण ती ५० हजार कुटुंबप्रमुखांपुरती आणि तीही गुणांकनावर. आपल्या माणसाने तिच्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नव्हता.

मार्च १९९६मधला हिशेब मला सरळ वाटतो. भारतीय पासपोर्ट असेल तर तो सोडू नका. ज्याच्याकडे आधीपासून फक्त ब्रिटिश अवलंबित प्रदेशाचाच दर्जा आहे, दुसऱ्या कुठल्याच देशाचं नागरिकत्व नाही, त्याने बीएनओची नोंदणी डोळे झाकून करावी. नाही केली तर १ जुलैला तो 'ब्रिटिश ओव्हरसीज सिटिझन' होईल. देशहीन होणार नाही, पण पोकळ दर्जावर राहील.

मग ४ फेब्रुवारी १९९७ला पारडं फिरलं. ब्रिटनने जाहीर केलं की, हाँगकाँगमध्ये स्थायिक असलेल्या आणि या अर्धवट ब्रिटिश दर्जावाचून देशहीन ठरणाऱ्यांना पूर्ण ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणी करता येईल. लगेच तसा कायदाही झाला. म्हणजे आदल्या मार्चमध्ये रांगेत उभा राहिलेला आणि ४ फेब्रुवारीच्या आत प्रमाणपत्र हाती पडलेला भारतीय जिंकला. भारतीय पासपोर्ट जपून ठेवणारा शेजारी बाहेर राहिला. घोषणा ऐकून घाईघाईने भारतीय नागरिकत्व सोडण्यातही फायदा नव्हता, कारण देशहीनतेची अट त्या तारखेच्या आधीची होती. याला कुणी दूरदृष्टी म्हणेल. मी म्हणणार नाही. तो जुगार होता आणि लागला.

पलीकडच्या मकाव या पोर्तुगीज वसाहतीत, जिथे सत्तांतर २० डिसेंबर १९९९ला झालं, असली कसरत बहुतेकांना पडली नाही. पोर्तुगालने दिलेलं नागरिकत्व पूर्ण होतं, लिस्बनमध्ये राहण्याच्या हक्कासकट. गोव्यात १९६१पूर्वी जन्मलेल्यांची नावं आजही लिस्बनच्या नोंदवहीत चढतात, ती त्याच देशाच्या धोरणामुळे.

बीएनओची किंमत वाढली ती २०२१मध्ये. ३१ जानेवारीपासून ब्रिटनने बीएनओधारकांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना राहण्या-काम करण्याचा व्हिसा खुला केला आणि त्याच दिवसापासून चीनने हा पासपोर्ट मानणं बंद केलं. नवी नोंदणी १९९७नंतर बंदच आहे. पण जुना मरून पासपोर्ट घरात पडून असेल तर तो टाकू नका: मुदत संपली म्हणून दर्जा जात नाही, नूतनीकरण होतं.