ओट्याखाली वॉशिंग मशीन लपवायचंय? साधं शटर की पॉकेट शटर

फ्रंट लोड मशीन साधारण ८५ सेंमी उंच नि ६० रुंद, त्यामुळे शटर, म्हणजे ओट्याखालच्या कपाटाचं दार, कुठलंही लावा, आधी ओट्याची उंची मोजा, मग खोली, कारण २४ इंच खोल ओट्याखाली मशीन बसलं तरी मागचा पाइप नि नळ जागा खातात आणि शटर बंदच होत नाही.

पॉकेट शटर दिसायला झकास, उघडून बाजूला आत सरकवलं की वाटेत येत नाही, पण दोन्ही बाजूंना दोन-तीन इंच जातात, सरकवायची पट्टी म्हणजे चॅनल महाग, आणि त्यात साबणाची पावडर अडकली की सरकवताना खरखर सुरू. लहान स्वयंपाकघरात तेवढे इंच म्हणजे मसाल्याचा अख्खा ट्रॉली गेला हो!

माझं मत साध्या, बिजागरीवर उघडणाऱ्या शटरला, पण बिजागरी १६५ डिग्रीपर्यंत उघडणारीच घ्या. नेहमीची घेतली तर शटर पुरतं मागे जात नाही नि मशीनचं गोल दार त्यावर आपटतं. सुतार "चालतंय की" म्हणेल, ऐकू नका.

प्लाय दोन्ही प्रकारच्या शटरना वॉटरप्रूफच, एमडीएफ ओलीने फुगतो. आणि मशीन चालू असताना शटर उघडंच ठेवा, धुऊन झाल्यावरही जरा वेळ, नाहीतर मशीनच्या दाराच्या रबराला बुरशी धरते.