साधा फ्यूज की ‘ऑडिओफाइल’ फ्यूज?

अँप्लिफायरच्या मागच्या खाचेतला 5 × 20 मिलिमीटरचा काचेचा फ्यूज काही रुपयांत मिळतो. ‘ऑडिओफाइल’ फ्यूज, म्हणजे आवाजाच्या दर्जाबद्दल चोखंदळ शौकिनांसाठी विकला जाणारा, हजारोंच्या घरात. दावा काय, तर बास घट्ट होतो, आवाज खुलतो. काहींवर दिशा दाखवणारा बाणही असतो! आपली 50 हर्ट्झची वीज सेकंदाला 100 वेळा दिशा बदलते, मग बाण कुणासाठी? शिवाय फ्यूजपुढे ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर, कपॅसिटर. आवाजाचं सर्किट चालतं ते त्यांनी गाळून दिलेल्या डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. काही महागड्या फ्यूजच्या टोकांवरच्या सोन्याच्या मुलाम्यावर गंज चढत नाही, एवढं मान्य. पण साध्या फ्यूजच्या टोकांच्या धातूच्या टोप्या काळवंडल्या तर प्लग काढून पुसाव्यात, फुकटात काम होतं. माझं मत साध्यालाच. फक्त बदलताना ‘टी 2 ए’च्या (टी म्हणजे सावकाश उडणारा, 2 ए म्हणजे 2 अँपिअर) जागी ‘टी 2 ए’च घाला, जास्त अँपिअरचा घातलात तर बिघाड झाल्यावर फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.