घरातल्या स्पूलसाठी जुनं मशीन: अकाई, सोनी, रेव्हॉक्स की ऊहर?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या जुन्या घरांच्या माळ्यावर अजून स्पूल, म्हणजे चक्रीवर गुंडाळलेल्या जुन्या टेप, सापडतात. भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग, गल्लीतल्या हौशी मंडळींचं संगीत नाटक, धारवाड नाहीतर सांगली आकाशवाणीवरून उतरवून घेतलेलं गाणं, आजोबांचं एखादं भाषण. टेप आहेत पण वाजवायला मशीन नाही, म्हणून माणूस सेकंडहँड स्पूल टेपरेकॉर्डर शोधायला निघतो. पहिला सल्ला ठरलेला असतो: घ्यायचं तर रेव्हॉक्सच घ्या. सल्ला खोटा नाही, पण तो नव्यानं रेकॉर्डिंग करणाऱ्या हौशी लोकांचा आहे. आपल्याला जुनं ऐकायचंय आणि कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायचंय. तेव्हा मशीनच्या आधी टेप बघा. स्पूल जेमतेम आठ-दहा असतील तर मशीन घेऊच नका. ज्याच्याकडे चालू मशीन आहे त्याला पैसे देऊन उतरवून घ्या, डोक्याला ताप नाही.

टेपमध्ये तीन गोष्टी बघायच्या. स्पूल पाच इंची की सात इंची. वेग कुठला: सेकंदाला साडेसात इंच, पावणेचार इंच, की टेप वाचवायला त्याच्याही निम्म्यानं भरलेली. आणि ट्रॅक, म्हणजे टेपच्या रुंदीत आवाजाचे पट्टे किती. गोंधळ होतो तो इथंच, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

हाफ-ट्रॅक मोनो मशीन टेपच्या वरच्या अर्ध्या भागावर एक बाजू भरतं आणि स्पूल उलटवला की खालच्या अर्ध्यावर दुसरी. क्वार्टर-ट्रॅक मशीन त्याच पाव इंच रुंदीत चार पट्टे बसवतं. चार पट्ट्यांची टेप हाफ-ट्रॅकवर लावली की सरळ अभंग आणि उलटं नाट्यगीत एकाच वेळी कानात शिरतं, आणि ते नंतर वेगळं करता येत नाही. याउलट हाफ-ट्रॅकची टेप क्वार्टर-ट्रॅक स्टिरिओवर बिनधास्त वाजते. डाव्या चॅनलला पहिली बाजू सरळ येते, उजव्याला दुसरी बाजू उलटी. टेपची सरसर थोडी वाढते, एवढंच. दोन्ही चॅनल रेकॉर्ड करा आणि उजवा ऑडॅसिटीमध्ये, म्हणजे आवाज कापाजोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, उलटा करा, की एका फेरीत दोन बाजू उतरल्या. म्हणून घरगुती टेपसाठी माझं मत पक्कं आहे: क्वार्टर-ट्रॅक स्टिरिओ. जाणकार ज्या हाफ-ट्रॅक रेव्हॉक्ससाठी जास्त पैसे मोजतात, ते आपल्या कामाला उलट कमी उपयोगी.

आता मशीनं. अकाई ४०००डीएस आणि सोनी टीसी-३७७ ही सत्तरच्या दशकातली जपानी जोडी. दोन्हीत एक मोटर, तीन हेड, सात इंची स्पूल, क्वार्टर-ट्रॅक. अकाई आतून साधं आहे, जुन्या टेपरेकॉर्डरवर हात बसलेला कुठलाही मिस्त्री उघडून समजून घेऊ शकतो. त्याचं हमखास दुखणं म्हणजे आतलं ग्रीस वाळून लिव्हर घट्ट होणं. ते साफ करून नवं ग्रीस लावलं की मशीन बहुतेक वेळा सुटतं. एक खोच आहे. साडेसात इंचाच्या वेगासाठी कॅप्स्टनवर, म्हणजे टेप ओढणाऱ्या फिरत्या दांड्यावर, एक छोटी धातूची नळी, म्हणजे स्लीव्ह, चढवावी लागते, आणि पन्नास वर्षांत ती कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये हरवलेली असते. विकणाऱ्याला ती आधी मागा. त्याच घराण्यातलं जीएक्स-४०००डी मिळालं तर आणखी उत्तम, कारण त्याचे काच-फेराइटचे हेड झिजतच नाहीत म्हटलं तरी चालेल.

सोनीची जमेची बाजू तिसरा वेग, पावणेचारच्याही निम्मा. अकाईवर तो नाही. पण नुसत्या तेवढ्यासाठी सोनीचा हट्ट नको. तसली टेप पावणेचारवर वाजवून रेकॉर्ड करा आणि कॉम्प्युटरवर वेग निम्मा करा. आवाजाचा पोत किंचित बदलतो, बोलण्याच्या रेकॉर्डिंगला काही फरक पडत नाही.

रेव्हॉक्स ए७७ आलं १९६७ मध्ये, बी७७ १९७७ मध्ये. स्वित्झर्लंडच्या विली श्टुडरची ही मशीनं, तीन मोटर, साडेदहा इंची स्पूलसुद्धा बसतो. वेग सांभाळायला सर्किट असल्यानं विजेच्या फ्रिक्वेन्सीशी देणंघेणं नाही. टेप नाजूक असेल तर तिला ते हळुवार हाताळतं, यात वाद नाही. पण वजन पंधरा किलोच्या घरात, सुटे भाग महाग आणि बहुतेक बाहेरून मागवायचे. शिवाय आतले रिफा कंपनीचे जुने कपॅसिटर दमट हवेत तडकतात आणि एक दिवस स्विच दाबल्या दाबल्या धूर सोडतात. आपल्याकडचा पाऊस, त्यातून खानापूर-जांबोटीकडचा, माहीत आहे ना? ते आधी बदलून घेतल्याशिवाय प्लग लावू नका. शंभरेक स्पूल असतील आणि त्यात मोठ्या गवयांच्या खासगी बैठका असतील, तरच एवढा खर्च पटतो.

ऊहर ४००० रिपोर्ट हे पत्रकारांचं, खांद्याला अडकवायचं मशीन. टॉर्चच्या जाड सेलवर चालतं, वेग चार. पण पाच इंचाच्या वरचा स्पूल बसतच नाही, आणि साधं ४००० हाफ-ट्रॅक मोनो आहे. कीर्तनाचे, मुलाखतींचे पाच इंची स्पूल असतील तर छान, नाहीतर कपाटात शोभेला.

कुठलंही घ्या, वीज आधी तपासा. अमेरिकेतून आलेल्या मशीनला स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावला की झालं, असं विकणारा सांगेल. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. ६० हर्ट्झसाठी बसवलेली पुली आपल्या ५० हर्ट्झवर सहावा भाग हळू फिरते. म्हणजे पेटीच्या काळी पाचमध्ये गाणारा पांढरी पाचच्याही जरा खाली उतरतो. अकाई-सोनी घेताना पुली ५० हर्ट्झची आहे याची खात्री करा.

बघायला जाताना एक टॉर्च आणि ओळखीची एक टेप न्या. टेपही अशी, की खराब झाली तर वाईट वाटणार नाही. टॉर्च तिरका धरून हेड बघा. टेपच्या रुंदीएवढा चपटा पट्टा दिसेलच, पण त्याच्या कडेवर नख अडकलं तर हेड संपत आलंय. पिंच रोलरचं, म्हणजे टेप कॅप्स्टनवर दाबून धरणाऱ्या चाकाचं, रबर मऊ आणि मॅट हवं. काचेसारखं चकाकत असेल तर ते टेप घसरवणार. मग तंबोऱ्याचा किंवा पेटीचा लांब धरलेला सूर ऐका. लय नीट वाटली तरी असा सूर थरथरला की यंत्राची खोट उघडी पडते. दोन्ही चॅनल, पुढं-मागं गुंडाळणं, आणि गुंडाळता गुंडाळता ब्रेक. ब्रेक ढिला असेल तर टेपचे वेटोळे बाहेर पडतात. "फक्त बेल्ट बदला, बाकी एकदम ओके" असं कुणी म्हणालं, तर बेल्ट बदलून मगच दाखव म्हणावं.

माळ्यावरच्या टेपच्या कडेला पांढरी बुरशी असेल तर ती नव्या मशीनवर अजिबात लावू नका. आधी ती टेप स्वच्छ करायची, तीही तोंडाला मास्क बांधून.

मिळतं कुठं? मुंबईच्या चोर बाजारात पर्याय भरपूर, पण चालवून बघायला निवांतपणा कमी. मला गोवा जास्त बरा वाटतो. जहाजावर काम केलेल्यांच्या घरी जपानी मशीनं आहेत आणि ती एकाच हातची असतात. फक्त खारी हवा लक्षात ठेवून मागचं झाकण उघडायला सांगा आणि आतले स्क्रू गंजलेत का बघा. उघडू देत नसतील तर चहा घ्या आणि परत या. सौदा झालाच तर गोव्याहून बेळगावला येताना चोर्ला घाटाची वळणं लागायच्या आधी स्पूल उतरवून ठेवा आणि मशीन डिकीत न टाकता मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधा.