‘रेक्विएम’ लावावा की ‘द वेलिंग’?

माझी आतेबहीण पंधरा वर्षांची असताना वावरात कापूस वेचता वेचता पडली. दातखीळ बसली, हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. दोनेक मिनिटांत सगळं थांबलं, पण तिला खाटेवर घालून घरी आणेपर्यंत गावानं कारण ठरवून टाकलं होतं. धुऱ्यावरच्या बोरीखालचं लागलं म्हणे. पुढची दोन वर्षं भगत, उतारे, गंडेदोरे आणि मधूनमधून डॉक्टर असं चाललं. आत्या म्हणायची, “दोन्हीकडं दाखवू. एकानं नाही त दुसऱ्यानं गुण येईन.” शेवटी नागपुरात ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, काढला, मिरगीचं निदान झालं, रोजची गोळी सुरू झाली. ती आजही सुरू आहे.

आता तिचाच मुलगा दिवाळीला गावी येतोय. कुठून तरी प्रोजेक्टर आणणार आहे आणि रात्री घराच्या भिंतीवर ‘झपाटण्यावरचा, संथ, खरा भयपट’ लावणार आहे. आई, आजी, आम्ही सगळे बघायला. त्यानं विचारलं, “मामा, दोन काढून ठेवलेत, कोणता लावू?” दोन्ही मी पाहिलेत. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय, कारण यवतमाळपासून मेळघाटापर्यंत असा आजार पाहिलेली घरं पुष्कळ आहेत. शेवट शक्यतो फोडणार नाही, पण थोडंफार कथानक सांगावं लागेल.

‘रेक्विएम’ हा 2006 चा जर्मन चित्रपट, हान्स-क्रिस्टियान श्मिड यांचा. साधारण दीड तासाचा. 1970 च्या दशकातली छोट्या गावातली मिखाएला ही मुलगी मिरगीची रुग्ण आहे. घर धार्मिक, आई करडी, बाप मायाळू पण मवाळ. ती हट्टानं शहरात विद्यापीठात शिकायला जाते. मैत्रीण मिळते, मित्र मिळतो, नाचगाणी होतात. मग झटके परत येतात, आवाज ऐकू येऊ लागतात, जपमाळ हातात धरवत नाही. पडद्यावर भूत कुठेच नाही. डोकं गरगर फिरत नाही, खाट हवेत उडत नाही. हातात धरलेला कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ राहतो, एवढंच. मिखाएला झालेल्या सांड्रा ह्युलरला बर्लिनच्या महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्रीचं रौप्य अस्वल मिळालं.

कथा खऱ्या घटनेवरून घेतली आहे. आनेलीझ मिशेल ही जर्मन विद्यार्थिनी 1 जुलै 1976 रोजी वयाच्या 23 व्या वर्षी वारली. त्याआधीच्या सुमारे दहा महिन्यांत तिच्यावर भूत उतरवण्याचे 67 विधी झाले होते. उपासमारीनं वजन तीस किलोच्या आसपास आलं होतं. 1978 मध्ये आईवडील आणि दोन पाद्री निष्काळजीपणानं मृत्यूला कारण झाल्याबद्दल दोषी ठरले. श्मिड यातलं जवळजवळ काहीच दाखवत नाहीत. विधी नुकते सुरू होतात आणि चित्रपट थांबतो. पुढचं काय ते पडद्यावर चार ओळींत वाचायचं.

मला या चित्रपटात सगळ्यांत जास्त भिववलं ते माणसांच्या प्रेमानं. मिखाएलाला कोणी छळत नाही. गावचा म्हातारा पाद्री तर भुताची गोष्ट आधी उडवूनच लावतो, मनावर घेतो तो तरुण पाद्री. आईबाप रडतात, मित्र रात्रभर उशाशी बसतो. आणि मुलगी स्वतःच हळूहळू ठरवते की आपल्याला झालंय ते आजारपण नाही, बाधा आहे. बाधा म्हटलं की दुःखाला काहीतरी अर्थ येतो. मिरगीला तसा काही अर्थ नसतो, नुसती रोज गोळी घ्यायची असते. माझ्या बहिणीनंही त्या दोन वर्षांत एकदा गोळ्या चुलीत टाकल्या होत्या. “मी बिमार नाही, मले लागलं आहे,” असं ती म्हणाली होती. तेव्हा मला तिचा राग आला होता. हा चित्रपट पाहिला आणि ते वाक्य मला पहिल्यांदा कळलं.

‘द वेलिंग’ अगदी वेगळ्या जातीचा. 2016 चा कोरियन, दिग्दर्शक ना होंग-जिन, लांबी 156 मिनिटं. डोंगरातलं गोकसोंग नावाचं गाव, सतत पाऊस, चिखल, धुकं. माणसांच्या अंगावर पुरळ उठतं, भान जातं आणि ती घरच्यांनाच मारतात. रानातल्या अळंब्यांची विषबाधा असावी असं सरकारी म्हणणं. गावाचा संशय मात्र डोंगरात राहणाऱ्या एका परक्या जपानी माणसावर. कथेचा नायक गावातला सुस्त, भित्रा पोलीस. त्याच्या लहान मुलीच्या अंगावर तसंच पुरळ उठतं आणि चित्रपट तिथून तुमचा गळा धरतो.

हा बाप म्हणजे आमची आत्याच. दवाखाना करतो, मांत्रिक आणतो, पाद्र्याकडे जातो, परक्या माणसाच्या घरावर चालून जातो. मांत्रिकाच्या विधीचा प्रसंग तर बराच लांबतो. ढोल, झांजा, नाच, बकरा, कोंबडे, आणि आत खोलीत तडफडणारी पोर. आपल्याकडे डहाक्याची, म्हणजे डहाका वाद्यावर गाणी म्हणत जागवायची, रात्र ज्यांनी जागवली आहे त्यांना ही लय ओळखीची वाटेल. हातपाय आपोआप ताल धरू पाहतात आणि त्याच वेळी पोटात गोळा येतो. नुसता सिनेमा म्हणून विचाराल तर दोघांत हाच मोठा, हे मी बेधडक सांगतो. कोण वाचवतंय आणि कोण मारतंय हे तो शेवटपर्यंत नीट कळू देत नाही. मी पाहून झाल्यावर अंगणात येऊन बराच वेळ बसलो होतो.

पण या घरात, या भिंतीवर तो लावू नये. या चित्रपटात भूत खरं असू शकतं. तीच त्याची ताकद आहे आणि आपल्या घरासाठी तीच अडचण. जिच्यासाठी लिंबू कापले गेले, त्या बाईला पोराच्या हातानं पुन्हा तोच प्रश्न विचारायचा का? आजी शेजारी बसलेली असणार. विधी मधेच थांबतो तेव्हा तिच्या तोंडून “पुरा होऊ द्यायचा होता ना बाप्पा” निघालं, तर पोरगा काय बोलणार? शिवाय रक्त, प्रेतं, कुत्र्याची हत्या, लहान मुलीच्या तोंडी घाणेरड्या शिव्या. बारक्या पोरांना उठवून आत धाडावं लागेल.

भाषेची अडचण दोन्हीकडे आहे. खालची इंग्रजी अक्षरं आजीला वाचता येणार नाहीत, कोणीतरी सांगत बसावं लागेल. ‘रेक्विएम’मध्ये चेहरेच इतकं बोलतात की थोडं सांगून भागतं. ‘द वेलिंग’मध्ये एक वाक्य निसटलं की धागा सुटतो. त्यातला अंधार आणि पाऊस चुन्याच्या भिंतीवर नुसता काळा ठिपका दिसेल, हेही लक्षात घ्या.

संथपणाही सारखा नाही. जर्मन चित्रपटाचा संथपणा म्हणजे आजारी माणसाच्या घरातली दुपार, काहीच घडत नाही आणि तब्येत ढासळत जाते. कोरियन चित्रपट निवांत सुरू होतो, मधे हसवतोही, आणि नंतर श्वास घेऊ देत नाही.

परदेशी नकोच असेल तर 2022 चा मल्याळम ‘भूतकालम’ आहे. निराशेच्या आजाराशी झुंजणारी आई, तिचा तरुण मुलगा, आणि घरात काहीतरी. रेवतीचं काम अप्रतिम. पण त्यात झपाटणं घराचं आहे, माणसाच्या अंगातलं नाही, म्हणून या निवडीत तो बाजूला ठेवला.

‘रेक्विएम’नंतर बोलणं निघेलच, निघू द्यावं. आपल्याकडे 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारहाण, मिरचीची धुरी हे सगळं त्यात गुन्हा आहे. फिट आली तर माणसाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही कोंबायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवत बसायचं नाही, झटका पाच मिनिटांवर गेला तर गाडी काढायची. एवढं आजीलाही त्याच रात्री सांगता येईल.

भाच्याला मी म्हटलं, ‘द वेलिंग’ तू नागपूरला खोलीवर बघ, मित्रासोबत, दिवे घालवून, मधे न थांबता. घरी ‘रेक्विएम’ लाव. पण आधी आईला एकटीला गाठून विचार. चित्रपटातल्या मुलीला फिट येते, हे आधीच सांगून ठेव. ती नको म्हणाली तर विषय तिथेच सोड. हो म्हणाली तर जेवणं लवकर आटपा आणि आठला सुरू करा. जागरण झालं की तिला दुसऱ्या दिवशी त्रास होतो. साडेनऊ-पावणेदहापर्यंत संपेल, म्हणजे तिची गोळीही वेळेवर होईल आणि झोपही.