देवदिवाळीला काशीत नाव बुक करताय? माझे ९,४६० रुपये गेले, आधी हे वाचा

आकडा आधीच सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. ९,४६० रुपये. तीन वेळा मिळून, मी स्वतःच्या हाताने पाठवले. २०२४ च्या कार्तिकी पौर्णिमेला, १५ नोव्हेंबरला, आई, बाबा, बायको, मुलगी आणि मी असे पाच जण वाराणसीला होतो. आईची एकच इच्छा होती, पंचगंगा घाटावरचा अहिल्याबाईंचा हजारा दीपस्तंभ पेटलेला नदीतून बघायचा. तिचे गुडघे गेलेत, त्या दिवशीच्या गर्दीत घाटाच्या पायऱ्या चढणं-उतरणं तिला शक्यच नाही, म्हणून नाव हवी होती. हौस म्हणून नव्हे.

सोशल मीडियावर एक पेज मिळालं. बजऱ्याचे, म्हणजे डेकवाल्या मोठ्या नावेचे फोटो, रिव्ह्यू, सगळं व्यवस्थित. पाच जणांचे १४,०००. हा रेट स्वस्त नव्हता हो, स्वस्त असता तर मला लगेच संशय आला असता! ४० टक्के अ‍ॅडव्हान्स म्हणजे ५,६०० पाठवले. चार दिवसांनी म्हणे देवदिवाळीचं स्पेशल परमिट लागतं, २,३६० द्या. आदल्या दिवशी लाइफ जॅकेटचं डिपॉझिट, माणशी ३००, म्हणजे १,५००, नंतर परत मिळणार. तुम्ही म्हणाल इथे तरी कळायला हवं होतं. पण एकदा ५,६०० अडकले की माणूस ते वाचवायला पुढचे देतो, हे असंच चालतं आणि त्या लोकांना ते नेमकं माहीत असतं.

खरं तर मला कळायला हवं होतं ते पहिल्याच फोनवर, आणि हेच मला आजही झोपू देत नाही. तो पेजवाला म्हणाला, ‘सर, ऊपर वाले डेक से सामने गंगाजी में डूबता सूरज दिखेगा, फोटो एकदम मस्त आएगा.’ आणि मी ‘वा’ म्हणालो! अरे, काशीचे सगळे घाट पश्चिम काठावर, तोंड पूर्वेला. सूर्य पलीकडच्या रेतीवरून उगवतो आणि मावळतो घाटांच्या मागे, शहरामागे. सुबह-ए-बनारस म्हणतात ते त्यामुळेच. मी हे त्याच आठवड्यात मुलीला नकाशावर दाखवलं होतं. गंगेवर एक दिवस काढलेला माणूस असं बोलणारच नाही, म्हणजे तो कुठेतरी लांब बसून बोलत होता. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव आलं तर म्हणे ‘मैडम अकाउंट देखती हैं’. नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा, कोण काय सांगतंय ते ऐकू नका.

त्या दिवशी साडेचारला अस्सी घाटावर बोलावलं होतं. गोदौलिया चौकापासून गाड्या बंद, आईला धरून चालत निघालो. रस्ताभर मलइयो ही दुधाच्या फेसाची मिठाई विकणारे, पणत्यांचे ढीग, डोक्यावर तेलाचे डबे घेतलेली पोरं, घाटावर रांगोळ्या आणि त्यावर पाय पडू नये म्हणून ओरडणाऱ्या मुली, आरतीच्या भोंग्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. इतकं सुंदर होतं सगळं आणि मी फक्त फोन लावत होतो. पावणेपाचपासून स्विच्ड ऑफ. सहाला पणत्या लागल्या, समोरून भरलेल्या नावा एकामागून एक निघाल्या. तिथल्या एका नाववाल्याला विचारलं तर तो म्हणाला या नावाचा बजरा इथे कुठल्याच घाटावर नाही, आणि वर म्हणाला, ‘आज तीसरे हो आप.’ आई तेलाने निसरड्या पायरीवर बसून राहिली, काही बोलली नाही. बाबा मात्र बोलले, ते इथे लिहीत नाही.

चौकीवर गेलो. बंदोबस्ताचा दिवस, मान्य. पण ‘पेमेंट महाराष्ट्र से किया है तो वहीं कंप्लेंट कीजिए’ हे कुठलं उत्तर? घरी आल्यावर इकडच्या पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे गुन्हा तिकडे घडला. अहो, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. हे मी मोबाइलवर काढून दाखवलं तर साहेब म्हणाले अर्ज ठेवून जा. त्या अर्जावर पोच मिळवायला दोन तास. बँकेत तिसरंच, तुम्हीच पिन टाकलाय, आम्ही काय करणार. म्हणजे मी चोरच, नाही का? तीन खेपा, तीन टेबलं, प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सगळं सांगायचं आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर ‘शिकलेला माणूस आणि असा फसला’ हे वाचायचं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला मी रात्री साडेअकराला फोन केला, ही चूक माझी. पैसे गेल्याचं कळलं त्याच मिनिटाला लावा, घाटावर उभ्या उभ्या. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तरच काही आशा असते. स्क्रीनशॉट, यूटीआर नंबर (प्रत्येक पेमेंटचा व्यवहार क्रमांक), चॅट, काही डिलीट करू नका, रागाच्या भरात मी अर्धं चॅट उडवलं. नाव हवीच असेल तर दोन दिवस आधी पोचा, घाटावर जाऊन नाव डोळ्यांनी बघा, नाववाल्याशी तिथेच बोला, बाकीचे पैसे बसल्यावर. ते जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर नाव आणि मागचा घाट दाखव म्हणा, टाळाटाळ केली की समजा. आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटच्या नावाखाली एक रुपया देऊ नका.

माझी तक्रार अजून ‘अंडर प्रोसेस’ आहे. ते पेज बंद झालं होतं, गेल्या आठवड्यात दुसऱ्या नावाने परत दिसलं, फोटो तेच, बजरा तोच, आणि खाली तीच ओळ, समोर गंगेत मावळता सूर्य. मी रिपोर्ट केलंय, तुम्हाला दिसलं तर तुम्हीही करा.